विंचेस्टरची पोरं, रॅकेट्सचं कोर्ट आणि शिडाची होडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंचेस्टर कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनी रॅकेट्स आणि सेलिंगमध्ये जे काही करून ठेवलंय त्यावर तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात, बरेचसे पतौडींपासून सुरू होतात आणि मग कुठेही जातात. म्हणून सगळी उत्तरं एकाच जागी लिहून ठेवतोय. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. विंचेस्टर कॉलेज म्हणजे शाळा आहे की कॉलेज? आणि पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी का?

शाळा. आपल्याकडे दहावी झाली की कॉलेज, त्यामुळे नावावरून गोंधळ होतो. इंग्लंडच्या दक्षिणेला हॅम्पशायरमध्ये विंचेस्टर नावाचं जुनं शहर आहे, तिथली ही निवासी शाळा, विल्यम ऑफ विकम नावाच्या बिशपने १३८२ मध्ये स्थापन केली. त्याच्या नावावरून इथल्या आजी-माजी विद्यार्थ्यांना विकमिस्ट म्हणतात, खाली हा शब्द बऱ्याच वेळा येईल. आणि तिकडे पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी नव्हे, बरोबर उलटं, भरपूर फी असलेली खासगी शाळा.

२. रॅकेट्स म्हणजे बॅडमिंटन, टेनिस वगैरे सगळे रॅकेटचे खेळ मिळून का?

नाही, रॅकेट्स हा एक स्वतंत्र खेळ आहे, त्याचं नावच तेवढं आहे. चार भिंतींच्या बंद कोर्टात, समोरच्या भिंतीवर बॉल मारायचा, एक टप्पा पडायच्या आत किंवा पडल्यावर दुसऱ्याने परत मारायचा. वाचताना स्क्वॉशच वाटतं ना, कारण स्क्वॉश याच्यातूनच निघालं, १८३० च्या सुमारास हॅरो शाळेतली पोरं कोर्ट रिकामं व्हायची वाट बघताना मऊ बॉलने बाहेर खेळायची, त्यातून. म्हणजे रॅकेट्स हा स्क्वॉशचा बाप आहे आणि बाप आजही खेळतोय, फक्त फार कमी ठिकाणी. इंग्लंडमधल्या साधारण चौदा शाळांकडे कोर्ट आहे, विंचेस्टर त्यातली एक, बाकी ईटन, हॅरो, रग्बी, माल्व्हर्न, मार्लबरो, हेलीबरी अशी ओळखीची नावं.

३. स्क्वॉश येत असेल तर रॅकेट्स जमेल का? नेमका फरक काय?

हात बसायला मदत होईल, पण पहिले काही दिवस घाबरायला होईल हे नक्की. मी स्क्वॉश खेळत मोठा झालो, कोर्ट म्हटलं की डोळ्यासमोर ३२ फूट बाय २१ फुटांची खोली. रॅकेट्सचं कोर्ट ६० फूट लांब, ३० फूट रुंद, आणि समोरची भिंत ३० फूट उंच, म्हणजे तीन मजली घराच्या भिंतीसमोर उभं राहिल्यासारखं. भिंती परंपरेने काळ्या, बॉल पांढरा.

बॉल हातात घेतला तर सगळा खेळ कळतो. गोल्फच्या बॉलपेक्षा जरासा लहान, साधारण २८ ग्रॅम, आत टणक गाभा, त्यावर दोरा घट्ट गुंडाळलेला आणि वरून पांढरी पट्टी. अंगठ्याने दाबा, अजिबात दबत नाही. स्क्वॉशचा बॉल गरम करायला आपण चोळत बसतो, इथे तो प्रश्नच नाही, पहिल्या सर्व्हिसपासून गोळीसारखा सुटतो. मी एकदा वरच्या गॅलरीत बसून डबल्स बघितली, पहिली दहा मिनिटं मला बॉल दिसलाच नाही, फक्त आवाज, भिंतीवर ठक्क, लगेच दुसऱ्या भिंतीवर ठक्क, आणि प्रत्येक बरोबर शॉटनंतर मार्करचा, म्हणजे पंचाचा आवाज, "प्ले". हे मार्करचं ओरडणं उगीच नाही, बॉल समोरच्या भिंतीवरच्या फळीच्या वर लागला की खाली हे खेळणाऱ्यालाही एवढ्या वेगात कळत नाही, म्हणून "प्ले" ऐकू आलं तरच पुढे खेळायचं.

रॅकेट लाकडी, डोकं लहान, दांडा लांब. गेम १५ चा, आणि पॉइंट फक्त सर्व्हिस ज्याची त्यालाच मिळतो, आपल्याकडे बॅडमिंटनमध्ये पूर्वी असायचं तसं.

४. हा खेळ तुरुंगात सुरू झाला असं वाचलं. खरं का?

हो, अगदी खरं. अठराव्या शतकात लंडनमध्ये कर्ज फेडू न शकलेल्या लोकांना वेगळ्या तुरुंगात टाकायचे, किंग्ज बेंच आणि फ्लीट ही त्यातली दोन नावं. तिथे बरीच चांगल्या घरातली माणसं असायची, करायला काही नाही, मग अंगणातल्या उंच भिंतीवर बॉल मारत बसायचे. रॅकेट्सचा पहिला वर्ल्ड चॅम्पियन म्हणून ज्याचं नाव लागतं तो रॉबर्ट मॅके, १८२० साली, फ्लीटमधलाच कैदी होता. तिथून खेळ दारूच्या गुत्त्यांच्या मागच्या अंगणात गेला, तिथून शाळांत, आणि शाळांनी त्यावर छप्पर घातलं. कर्जबुडव्यांचा खेळ पन्नासेक वर्षांत श्रीमंतांच्या पोरांचा झाला.

५. विंचेस्टरच्या कोणाला रॅकेट्समध्ये ऑलिंपिक मेडल मिळालंय का? रॅकेट्स ऑलिंपिकमध्ये होतं तरी कधी?

एकदाच होतं, १९०८ ला लंडनमध्ये. मॅचेस क्वीन्स क्लबवर झाल्या, आज विंबल्डनच्या आधीची ग्रासकोर्ट स्पर्धा होते तोच क्लब. सिंगल्सचं गोल्ड इव्हान नोएलला मिळालं, आणि नोएल विकमिस्ट, पुढे केंब्रिजचा. शिवाय हेन्री लीफसोबत डबल्सचं ब्राँझ. रॅकेट्स नंतर परत ऑलिंपिकमध्ये आलंच नाही, त्यामुळे सिंगल्सचा ऑलिंपिक चॅम्पियन म्हणून जगात एकच नाव राहिलं, ते याचं. पुढे तो क्वीन्स क्लबचाच सेक्रेटरी झाला आणि १९२८ मध्ये जाईपर्यंत तिथेच होता.

६. पण नोएल फायनल खेळलाच नाही म्हणे, आणि सगळे खेळाडू इंग्लंडचेच होते. मग अशा गोल्डला काय अर्थ?

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकूण सात जण उतरले, सातही ब्रिटिश. आणि फायनलमध्ये समोर तोच डबल्समधला जोडीदार लीफ होता, त्याच्या हाताला दुखापत झाली, तो उतरू शकला नाही, नोएलला वॉकओव्हर मिळाला.

तरी मला हे गोल्ड हलकं वाटत नाही. त्या काळी रॅकेट्स जिथे खरोखर जोरात खेळलं जायचं ते ब्रिटन, अमेरिका आणि हिंदुस्थान, आणि ब्रिटनमधले त्या वेळचे चांगले हौशी खेळाडू त्या सातांत होतेच. फायनलपर्यंत पोचायला आधीच्या मॅच जिंकाव्याच लागतात. पण "जगातला सर्वात चांगला रॅकेट्स खेळाडू" असं १९०८ मध्ये कोणाला म्हणायचं असेल तर तो नोएल नव्हता, तो आपल्या मुंबईचा माणूस होता आणि त्याला ऑलिंपिकमध्ये खेळताच आलं नसतं. ते प्रश्न १५ मध्ये सांगतो, तो प्रश्न चुकवू नका.

७. टायगर पतौडी रॅकेट्स खेळायचे हे खरं आहे का? की क्रिकेटवाल्यांनी जोडलेली गोष्ट?

खरं आहे, आणि नुसते खेळायचे नाहीत तर जिंकले. मन्सूर अली खान पतौडी आधी डेहराडूनला वेल्हम, मग इंग्लंडमध्ये लॉकर्स पार्क, आणि तिथून विंचेस्टर. शाळेत असताना ख्रिस्तोफर स्नेल या जोडीदारासोबत त्यांनी पब्लिक स्कूल्सची रॅकेट्स चॅम्पियनशिप जिंकली. ही स्पर्धा साधी समजू नका, १८६८ पासून चालू आहे, आणि त्या वयाच्या पोरांसाठी याच्या वर काही नाही.

१९५९ मध्ये ते शाळेच्या क्रिकेट टीमचे कॅप्टन होते आणि त्या एका सीझनला १०६८ रन्स केल्या, शाळेचा रेकॉर्ड. आधीचा रेकॉर्ड कोणाचा होता ते प्रश्न १० मध्ये बघा.

त्यांची फिल्डिंग बघितलेली जुनी माणसं अजून सांगतात, कव्हरमध्ये काय झेप घ्यायचे, बॉल हातातून सुटायच्या आधी पाय निघालेले असायचे. माझं मत असं की यात रॅकेट्सचा वाटा मोठा आहे. ज्या पोराने सोळा-सतराव्या वर्षी त्या काळ्या भिंतीवरून येणारा टणक बॉल रोज उचललाय त्याला ड्राइव्ह मारलेला क्रिकेटचा बॉल हळूच वाटत असणार. शिवाय तिथे त्यांना हबर्ट डॉगर्टसारखा मास्तर मिळाला, तो स्वतः विकमिस्ट, इंग्लंडकडून दोन टेस्ट खेळलेला, आणि केंब्रिजकडून क्रिकेट, फुटबॉल, रॅकेट्स, स्क्वॉश, फाइव्ज (प्रश्न १९ बघा) सगळं खेळलेला.

८. म्हणजे एका डोळ्याने त्यांनी रॅकेट्स चॅम्पियनशिप जिंकली?

नाही. हे व्हॉट्सअ‍ॅपवर फार फिरतं. त्यांचा अपघात १ जुलै १९६१ चा, इंग्लंडमध्ये होव्हला, गाडीची काच उजव्या डोळ्यात गेली. तेव्हा ते ऑक्सफर्डला होते. विंचेस्टर त्याआधीच सुटलं होतं आणि रॅकेट्सचं विजेतेपद शाळेतलं आहे, दोन्ही डोळे शाबूत असतानाचं. एका डोळ्याने त्यांनी जे केलं ते क्रिकेटमध्ये, अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत टेस्ट खेळले आणि मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला एकविसाव्या वर्षी भारताचे कॅप्टन झाले. ते एवढं मोठं आहे की त्यात अजून काही मिसळायची गरज नाही.

९. थोरले नवाब, इफ्तिखार अली खान, तेसुद्धा विंचेस्टरचे का?

नाही, ते लाहोरच्या चीफ्स कॉलेजचे आणि मग ऑक्सफर्डला बेलियल कॉलेज. मुलगाही पुढे बेलियललाच गेला, त्यामुळे घोळ होतो. विंचेस्टर फक्त धाकट्यांचं.

१०. बॉडीलाइनवाला जार्डिन पण याच शाळेचा ना? तो पण रॅकेट्स चॅम्पियन होता का?

शाळा हीच. रॅकेट्स शाळेकडून खेळायचा हेही खरं, फुटबॉलला गोलकीपर होता आणि विंचेस्टरचा स्वतःचा एक वेगळाच फुटबॉल आहे तोही खेळायचा. पण रॅकेट्समधलं मोठं विजेतेपद त्याच्या नावावर सांगतात ते कुठून आलं कोण जाणे, ते धरू नका.

१९१९ मध्ये जार्डिनने शाळेकडून ९९७ रन्स केल्या. चाळीस वर्षं तो आकडा टिकला, आणि मोडला कोणी तर पतौडींनी. आता थोडं मागचं आठवा, १९३२-३३ च्या बॉडीलाइन दौऱ्यात, म्हणजे इंग्लंडने ऑस्ट्रेलियात बॅट्समनच्या अंगावर बॉल टाकले तो दौरा, कॅप्टन असलेल्या याच जार्डिनने लेग साइडला लावलेल्या फिल्डिंगमध्ये उभं राहायला इंग्लंडकडूनच खेळणाऱ्या थोरल्या पतौडींनी नकार दिला होता. त्यांच्या मुलाने जार्डिनच्याच शाळेत जाऊन जार्डिनचाच रेकॉर्ड मोडला. आणि थोरले नवाब हे बघायला नव्हते, १९५२ मध्ये मुलाच्या अकराव्या वाढदिवशीच ते गेले होते. मला हा सगळा प्रकार आठवला की प्रत्येक वेळी भरून येतं.

अजून एक, जार्डिनचा जन्म मुंबईचा, १९०० चा, मलबार हिलवरचा. आणि भारताच्या भूमीवरची पहिली टेस्ट, डिसेंबर १९३३, बॉम्बे जिमखाना, तिथे इंग्लंडचा कॅप्टन तोच होता.

११. विंचेस्टरमधून कोणी रॅकेट्सचा वर्ल्ड चॅम्पियन झालाय का?

झालाय, हॉवर्ड अँगस, १९७३ मध्ये. पण त्याचं नाव रॅकेट्सपेक्षा रिअल टेनिसवाले जास्त घेतात. रिअल टेनिस म्हणजे आजच्या टेनिसचा पणजोबा, उतरत्या छपरांच्या बंद कोर्टात खेळतात. अँगस १९७६ मध्ये त्याचाही वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि १९८१ पर्यंत राहिला. दोन्ही खेळांत जगात पहिला येणं ही किती दुर्मिळ गोष्ट आहे ते यावरून समजा की त्याच्या आधी हे पीटर लॅथम आणि जिम डिअर यांनी केलं होतं, आणि ते दोघंही पोटापाण्यासाठी खेळणारे प्रोफेशनल, अँगस मात्र हौशी खेळाडू.

१२. सेलिंगमध्ये विंचेस्टरचं मोठं नाव कोण?

कॉनर ओब्रायन. आयरिश माणूस, लिमरिककडचा, जन्म १८८०, विंचेस्टर, मग ऑक्सफर्ड, धंद्याने आर्किटेक्ट. आजोबा विल्यम स्मिथ ओब्रायन, इंग्रजांविरुद्ध बंड केलेले आयरिश पुढारी.

याने स्वतः कागदावर होडी काढली, ४२ फुटी, आयर्लंडच्या दक्षिण टोकाला बाल्टिमोर नावाचं कोळ्यांचं बंदर आहे तिथे बांधून घेतली, आणि नाव ठेवलं सिअर्शा, आयरिश भाषेत स्वातंत्र्य. आयर्लंड तेव्हा नुकतंच स्वतंत्र झालेलं. २० जून १९२३ ला डब्लिनजवळच्या डन लेअरी बंदरातून निघाला आणि बरोबर दोन वर्षांनी, २० जून १९२५ ला, तिथेच परत आला, मधे अख्ख्या पृथ्वीला फेरी. दक्षिणेकडची तिन्ही मोठी टोकं, आफ्रिकेचं केप ऑफ गुड होप, ऑस्ट्रेलियाचं लीविन आणि दक्षिण अमेरिकेचं हॉर्न, सगळ्यांना वळसा घालून. नव्या आयरिश राष्ट्राचा तिरंगा जगभर फिरवणारी पहिली होडी हीच.

निघताना डोक्यात काय होतं तर न्यूझीलंडला जाऊन डोंगर चढायचे, तो गिर्यारोहकही होता. पोचेपर्यंत उशीर झाला, डोंगर राहिले, मग म्हणाला आलोच आहे तर पुढून हॉर्नला वळसा घालून घरी जाऊ. हॉर्न म्हणजे काय ते आपल्या कोकणातल्या एखाद्या तांडेलाला विचारा, पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी जे पाणी उसळतं ते दिवसेंदिवस आणि कित्येक पट उंच, वरून बर्फाचं वारं. त्या काळी असा मार्ग मोठ्या गलबतांचा समजला जायचा, हौशी माणसाच्या ४२ फुटी होडीचा नाही.

मला त्याच्या होडीबद्दल जे आवडतं ते म्हणजे तिच्यात शर्यतीची ऐट नव्हती. रुंद पोटाची, जड, मासेमारीच्या होड्यांच्या वळणाची, आणि मागून वारा असला की लावायला डोलकाठीला आडवं चौकोनी शीड, जे तेव्हाच्या यॉटवाल्यांनी जुनाट म्हणून सोडून दिलं होतं. दक्षिणेच्या समुद्रात आठवडेच्या आठवडे मागून वारा असतो, तिथे ते शीड तिला कसं ओढून नेत असेल याचा विचार करा.

१३. मग ओब्रायन हा एकट्याने जगप्रदक्षिणा करणारा पहिला का?

दोन्ही नाही. एकटा नव्हता, होडीवर खलाशी असायचे, आणि बंदरागणिक बदलायचे कारण हा माणूस तापट होता, पटायचं नाही. आणि पहिला एकटा माणूस म्हणजे जोशुआ स्लोकम, १८९५ ते १८९८. ओब्रायनचं म्हणून जे आहे ते प्रश्न १२ मधलं, छोट्या यॉटने तिन्ही टोकं घालून केलेली फेरी. पहिला, सर्वात पहिला, असं लिहिताना कशात पहिला ते लिहायलाच हवं, नाहीतर स्लोकमवर अन्याय होतो.

१४. त्याने आयर्लंडच्या क्रांतिकारकांसाठी बंदुका आणल्या हे खरं का? ते सेलिंगच्या यशात धरता का?

खरं आहे, १९१४ चा उन्हाळा. जर्मनीतून आलेल्या रायफली दोन होड्यांनी भर समुद्रात उतरवून घेतल्या, एक अर्स्किन चाइल्डर्सची अ‍ॅसगार्ड, दुसरी ओब्रायनची केल्पी. अ‍ॅसगार्ड थेट होथ बंदरात गेली. केल्पीवरचा माल मात्र आधी तिसऱ्या एका होडीवर चढवला आणि मग किलकूलच्या किनाऱ्यावर उतरवला. त्या तिसऱ्या होडीचं नाव होतं छोटा. इंग्रजी स्पेलिंगमध्ये वाचलं तेव्हा मी दोनदा बघितलं, पण हो, आपलाच शब्द.

क्रीडा यशात मी ते धरत नाही, ती लढ्यातली कामगिरी. पण अंधारात, बंदुकांनी भरलेली होडी आयरिश समुद्रातून नेणाऱ्याला होडी येत होती एवढं तर नक्कीच.

(चाइल्डर्स विकमिस्ट नाही, हेलीबरीचा. हाही प्रश्न येतो म्हणून लिहिलं.)

१५. १९०८ ला जगातला सर्वात चांगला रॅकेट्स खेळाडू मुंबईचा होता असं वर म्हणालात. तो कोणत्या शाळेचा?

कोणत्याही नाही, आणि म्हणूनच तो इथे हवा. त्याचं नाव जमशेदजी. मुंबईचा पारशी, रॅकेट्स कोर्टावरचा प्रोफेशनल, म्हणजे साहेब लोकांसोबत खेळायचं, त्यांना शिकवायचं, मॅचला मार्करचं काम करायचं. इंग्रजांनी हिंदुस्थानात जिथे जिथे छावण्या आणि जिमखाने काढले तिथे रॅकेट्सची कोर्टं बांधली, त्यातल्या मुंबईच्या कोर्टावर हा घडला. १९०३ मध्ये लंडनला जाऊन गिल्बर्ट ब्राऊनला हरवून वर्ल्ड चॅम्पियन झाला आणि १९११ पर्यंत राहिला. आठ वर्षं. १९०८ ला लंडनमध्ये ऑलिंपिक झालं तेव्हा विजेतेपद त्याच्याकडेच होतं. पण ऑलिंपिक हौशी खेळाडूंसाठी, खेळून पोट भरणाऱ्याला तिथे प्रवेश नव्हता.

एखाद्या भारतीयाने कुठल्याही खेळात वर्ल्ड चॅम्पियन होण्याची एवढी जुनी उदाहरणं किती आहेत? तरी मुंबईत दहा क्रीडाप्रेमींना विचारा, नऊ जणांनी नाव ऐकलेलं नसतं. पतौडींच्या शाळेबद्दल मेसेज येतात तेव्हा मी प्रत्येकाला उत्तरात जमशेदजीचं नाव लिहून पाठवतो.

१६. टायटॅनिकमधून वाचलेला रॅकेट्स खेळाडू विंचेस्टरचा होता का?

नाही. तो चार्ल्स विल्यम्स, हॅरो शाळेतला प्रोफेशनल, विद्यार्थी नव्हे तर पोरांना शिकवणारा. जमशेदजीला १९११ मध्ये हरवणारा तोच. १९१२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत मॅच खेळायला टायटॅनिकने निघाला होता, वाचला, आणि पुढे १९२९ मध्ये परत वर्ल्ड चॅम्पियन झाला.

१७. बेन एन्सली आणि इयन पर्सी विंचेस्टरचेच ना? मग ओब्रायनपेक्षा मोठी नावं का सोडली?

सगळ्यात जास्त आलेली दुरुस्ती हीच, आणि ती चुकीची आहे. शहर तेच, शाळा वेगळी. दोघंही पीटर सिमंड्स कॉलेजचे, ते विंचेस्टर शहरातलं सरकारी पैशावर चालणारं कॉलेज, आपल्या ज्युनिअर कॉलेजसारखं, १३८२ च्या शाळेशी काही संबंध नाही. एन्सलीची २०००, २००४, २००८ आणि २०१२ अशी चार गोल्ड आणि १९९६ चं सिल्व्हर, पर्सीची २००० आणि २००८ ची गोल्ड, ही सगळी सिमंड्सच्या खात्यात जायला हवीत. एखाद्या पुण्याच्या पोराने मेडल आणलं आणि त्याच्या म्युनिसिपल शाळेऐवजी शेजारच्या नामांकित शाळेने बोर्ड लावला तर कसं वाटेल, तसंच हे.

१८. एखादा जिंकला तर श्रेय शाळेचं की त्याचं? तुम्ही कोणाला धरता?

रॅकेट्समध्ये शाळेचं श्रेय खरंच असतं, कारण कोर्टच शाळेत असतं. तीस फुटी भिंती घराच्या अंगणात कोण बांधणार? शाळेत कोर्ट नसेल तर पोराला खेळ भेटतच नाही. नोएल, पतौडी, अँगस, तिघांच्याही बाबतीत शाळा नसती तर रॅकेट्स नसतं असं मी म्हणेन.

सेलिंगचं तसं नाही. विंचेस्टर समुद्रावर नाही, इचेन नावाच्या छोट्या नदीकाठी आहे. ओब्रायनला होडी दिली ती आयर्लंडच्या किनाऱ्याने आणि बाल्टिमोरच्या सुतारांनी. तिथे शाळेने फार तर माणूस शिकवला. म्हणून मी यादीत दोन्ही ठेवतो पण "शाळेने घडवला" हे वाक्य फक्त रॅकेट्सवाल्यांसाठी वापरतो.

१९. फाइव्ज काय असतं? पतौडींच्या उत्तरात आलंय.

रॅकेट न घेता, हातात मोजे घालून, भिंतीवर बॉल मारायचा खेळ. विंचेस्टर फाइव्ज हा त्याचा एक प्रकारच आहे, कोर्टाच्या बाजूच्या भिंतीला मधेच एक कोपरा बाहेर आलेला असतो.

२०. ओब्रायनसारखं कोणी आपल्याकडून केलंय का?

केलंय, आणि त्याहून अवघड. कॅप्टन दिलीप दोंदे, नौदल, २००९-१० मध्ये मुंबईहून निघून एकट्याने जगप्रदक्षिणा करून मुंबईत परत, तसं करणारे पहिले भारतीय. तिन्ही टोकं घालून, चार थांबे घेऊन, त्यातले केपटाउन आणि फॉकलंड हे दोन ओब्रायनचेही थांबे होते. त्यांची होडी म्हादेई, ५६ फुटी, गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटींची, निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीत राहायचे, समुद्रापासून एवढ्या लांब बसून त्यांनी हा ध्यास सोडला नाही. पुढे २०१२-१३ मध्ये त्याच होडीने अभिलाष टॉमी एकटे आणि कुठेही न थांबता जाऊन आले.

मी म्हादेई गोव्यात धक्क्याला लागलेली बघितली आहे. लांबून मोठी वाटते, जवळ जाऊन उभं राहिलं की वाटतं, एवढ्याशा जागेत माणूस एकटा इतके महिने राहिला? आणि ओब्रायनची हिच्याहून १४ फूट लहान होती.

२१. मुली आहेत का या शाळेत? त्या खेळतात का?

सहाशे वर्षांहून जास्त काळ फक्त मुलगे होते. २०२२ पासून शेवटच्या दोन वर्षांच्या वर्गांत मुली घेतात. त्यामुळे या यादीत अजून एकही मुलगी नाही, पण यादी बंद झालेली नाही. महिलांची रॅकेट्सची वर्ल्ड चॅम्पियनशिपही आता होते.

२२. सिअर्शा अजून आहे का? बघायला मिळेल?

मूळ होडी १९७९ साली जमैकाला वादळात गेली. पण तिच्या आराखड्यावरून तशीच नवी सिअर्शा आयर्लंडमध्ये स्किबरीनजवळच्या ओल्डकोर्टच्या बोटयार्डात लाकडातच बांधली, ती आता पाण्यावर आहे. आणि ओब्रायननेच काढलेली दुसरी होडी, आयलेन, १९२६ ची, ती तर अस्सल. फॉकलंड बेटांच्या लोकांनी सिअर्शा बघून आम्हाला अशीच पण मोठी करून द्या म्हणून मागितली होती, तेव्हा ओब्रायन केप क्लिअर बेटावरचे दोन खलाशी घेऊन ती स्वतः तिकडे पोचवून आला. सत्तरेक वर्षं तिने तिथे मेंढरं आणि सामान वाहिलं, मग तिला परत आणलं, दुरुस्त केलं, आणि २०१८ पासून ती पुन्हा शिडं लावून फिरतेय. लिमरिक किंवा कॉर्ककडे जाणार असाल तर आधी चौकशी करून जा, उन्हाळ्यात ती बरेचदा बंदरात नसते, बाहेर समुद्रावर असते.